दादाला टीममधे घ्यायचं की नाही, आणि मुळात तो पोल टाकलाच कशाला?

पत्र:
मावशी, मी ऐरोलीला राहतो, वय ३२. आमच्या सेक्टरची सिक्स-अ-साइड टीम आहे, दर शनिवारी रात्री टर्फवर खेळतो, मी कॅप्टन. पुढच्या महिन्यात टूर्नामेंट आहे आणि आमचा मेन स्ट्रायकर पाय मोडून बसलाय. अर्ध्या पोरांचं म्हणणं दादाला आणू. दादा म्हणजे आमच्या समोरच्या बिल्डिंगमधला, आता ४४ चा, आम्हाला फुटबॉलचा नाद त्यानेच लावला, एकेकाळी खरंच भारी खेळायचा पण आता पाच मिनिटं धावला की कंबरेवर हात. वर केस सोनेरी केलेत, पांढरे बूट, गोल मारला की शर्ट काढून पळतो, प्रॅक्टिसलाही. मी विरोधात होतो. ग्रुपवर तीन दिवस भांडणं चालली, मी रोनाल्डोचं उदाहरण दिलं, की ३६ चा म्हातारा आणून मँचेस्टर युनायटेडचं काय झालं बघा. शेवटी कोणीतरी पोल टाकला, ७ हो, ६ नाही, मी पण 'नाही'वरच मत टाकलं. दादा ग्रुपमधेच आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो काही न बोलता लेफ्ट झाला. २०२१ ला पण रोनाल्डोवरून आमचं वाजलेलं, तेव्हा त्याची नोकरी गेलेली म्हणून मी सोडून दिलं. आता खाली भेटला तर मान फिरवतो, वहिनी पण हसत नाहीत. मी तर टीमच्या भल्याचंच बोललो ना? माझं काय चुकलं?
— कॅप्टन, ऐरोली

अरे कॅप्टन, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सोनेरी केसांपाशी हसले. दुसऱ्यांदा त्या नोकरीच्या वाक्यापाशी थांबले, जे तू जाता जाता टाकून पुढे निघून गेलायस. त्यावर येतेच, पण आधी फुटबॉलचं बोलू, कारण तू तोच मुद्दा धरून बसलायस आणि खरं सांगू का, तो पण तुझा पूर्ण बरोबर नाहीये.

युनायटेडचं काय झालं बघा म्हणतोस, तर चल बघूच. २०२०-२१ ला ते इंग्लंडच्या लीगमधे दुसरे आलेले, ७४ पॉइंट. ऑगस्ट २०२१ ला रोनाल्डो परत आला, टीममधल्या कावानीनं अंगावरचा सात नंबरचा शर्ट त्याला काढून दिला, आणि तो सीझन संपला तेव्हा सहावे, ५८ पॉइंट, गोल मारले ५७ आणि खाल्ले पण ५७. इथपर्यंत तू जिंकलास. पण त्या ५७ मधले १८ तुझ्या म्हाताऱ्याचे, सगळ्या स्पर्धा धरून २४, आणि लीगमधे त्याच्या पुढे होते कोण तर सालाह आणि सॉन, बस. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगला व्हियारियालविरुद्ध पंच्याण्णवाव्या मिनिटाला कोणी मारला? इटलीच्या अटालांटाविरुद्धच्या दोन्ही मॅचमधे शेवटी शेवटी कोणी वाचवलं? आणि लिव्हरपूल ओल्ड ट्रॅफर्डला येऊन पाच मारून गेलं त्या दिवशी डिफेन्सला काय रोनाल्डो उभा होता का. आता तू म्हणशील मावशी तो प्रेस करत नव्हता, पुढून दाबच नसेल तर मागच्यांवर सगळं येणारच, ते मान्य, हा मुद्दा तुझा खरा आहे. पण "म्हातारा आणला आणि टीम बुडाली" एवढ्यावर तो सीझन संपत नाही रे.

खरं फाटलं ते पुढच्या वर्षी. ऑक्टोबर २०२२, टॉटेनहॅमची मॅच, कोच टेन हागनं बेंचवर ठेवलेलं, शेवटी शेवटी आत जा म्हटलं तर हा जाईना, आणि मॅच संपायच्या आधीच उठून निघून गेला. मग चेल्सीच्या मॅचला टीमबाहेर, मग टीव्हीवरची ती मुलाखत, आणि नोव्हेंबरात करार संपला सुद्धा. म्हणजे प्रश्न वयाचा कमी आणि बेंचवर बसायचा जास्त होता. आता मला सांग, दादा बेंचवर बसेल का हे तुमच्या तेरा जणांतल्या एकाने तरी दादाला विचारलं?

माझ्या वेळचं सांगते. १९९० चा वर्ल्ड कप, घरात दूरदर्शन, आणि कॅमेरूनचा रॉजर मिला. वय ३८. पार रियुनियन बेटावर जाऊन निवांत खेळत होता, त्याला देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या सांगण्यावरून परत आणलं. चार गोल मारले त्यानं, दोन रोमानियाला दोन कोलंबियाला, आणि चारही बदली म्हणून आत येऊन! गोल झाला की कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन कंबर हलवत नाचायचा, ते बघायला आमच्या घरातल्या ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे पण माहीत नव्हतं त्या बायका टीव्हीसमोर यायच्या. कोलंबियाचा गोलकीपर इगिता तर त्याहून नाटकी, बॉल पायात घेऊन पार पुढे आलेला, मिलानं तो काढून घेतला आणि मोकळ्या गोलमधे. क्वार्टर फायनलला इंग्लंडविरुद्ध सेकंड हाफला आला, एक पेनल्टी मिळवून दिली, दुसऱ्या गोलचा पास दिला, शेवटी एक्स्ट्रा टाइममधे ३-२ हरले ते सोड. त्याला नव्वद मिनिटं पळवलं असतं तर तोही तुझ्या दादासारखा कंबरेवर हात ठेवून उभा राहिला असता.

स्वीडनच्या झ्लाटानचं तर काय बोलावं, २०१८ ला लॉस एंजेलिसच्या क्लबात गेला तेव्हा पेपरात पानभर जाहिरात दिली, की माझ्याबद्दल आभार मानायची गरज नाही, इतका आगाऊ माणूस. पहिल्याच मॅचला एकाहत्तराव्या मिनिटाला आत आला, टीम ३-१ नं मागे, आणि संपली ४-३ नं जिंकून, दोन त्याचे. पुढे इटलीच्या मिलान क्लबनं त्याला ३८ व्या वर्षी परत बोलावलं, त्याच्या आठवडाभर आधीच ते अटालांटाकडून ५-० खाऊन आलेले, करार फक्त सहा महिन्यांचा केला. २०२२ ला अकरा वर्षांनी लीग जिंकले, आणि त्या सीझनला हा बराचसा बेंचवर नाहीतर दुखापतीत.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या आयएसएल लीगमधली मुंबई सिटी तुमच्या नेरुळला डी. वाय. पाटीलवर खेळायची तेव्हा २०१४ ला अनेल्का आणि ल्युंगबर्ग आणलेले, एवढी मोठी नावं, आठ टीममधे सातवे आले. २०१६ ला उरुग्वेचा फोर्लान आणला, ३७ चा, तेव्हा मॅच अंधेरीला व्हायच्या, केरळाच्या टीमविरुद्ध हॅटट्रिक, लीगमधे टीम पहिली, आणि मग सेमीफायनलला कोलकात्यात त्यालाच रेड कार्ड. काढ बाबा यातून काय नियम काढायचा तो. मला तरी एवढंच दिसतं की जिथे आधी ठरलेलं असतं, किती वेळ खेळायचं आणि कोणाचं ऐकायचं, तिथे असा माणूस पैसा वसूल करून देतो, आणि जिथे नुसतं नाव बघून आणला तिथे सगळ्यांची गोची.

तर टीमच्या भल्याचा विचार म्हणून तुझी शंका चुकीची नव्हती. कॅप्टन आहेस, तू नाही म्हणू शकतोस.

पण तो पोल रे!

माझं माहेर कोल्हापूर, त्यामुळे ही असली भांडणं मला नवीन नाहीत. पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल ही तिथल्या फुटबॉल टीमची नावं तू ऐकली असशील. शाहू स्टेडियमला मॅच असली की अख्खी पेठ जाऊन बसते आणि टीमनं बाहेरचा प्लेयर आणला असेल तर त्याच्या खेळाची, बुटांची, केसांची, सगळ्याची चिरफाड होते, तोंडावर होते, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण पेठेतलाच जुना प्लेयर, ज्याचं आता वय झालंय, त्याला खेळवायचं का नाही ही चर्चा तालमीच्या कट्ट्यावर हळू आवाजात चालते आणि तो स्वतः येताना दिसला की कोणीतरी चहाची ऑर्डर देतं आणि विषय बदलतो. हे कोणी कोणाला शिकवलेलं नसतं. तुम्ही काय केलंत, ज्याने तुम्हाला बॉल कसा मारायचा ते शिकवलं त्याच्या नावापुढे हो-नाही लावलंत, आणि कोणी काय दाबलं ते त्याला एकेका नावानिशी दिसलं. सात जण हो म्हणाले ते त्याला दिसलेच नसणार, सहा दिसले, आणि त्या सहात तू. "लक्षातच आलं नाही" हे मी मानते, पण त्यानं काय वाटून घ्यायचं? की आपण ग्रुपमधे आहोत हे पण यांच्या लक्षात राहत नाही?

आता ते नोकरीचं. २०२१ ला दादा ३९ चा. नोकरी गेलेला ३९ वर्षांचा माणूस म्हणजे दिवसभर सीव्ही पाठवतोय, कॉलवर समोर त्याच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी किंवा मुलगा, आणि गोड आवाजात ऐकायला मिळतंय की सर तुमचा एक्सपीरियन्स आमच्या रोलसाठी थोडा जास्त होतोय. याचा अर्थ त्या वयाच्या प्रत्येकाला कळतो. आणि अशात ११ सप्टेंबर, दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन, संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू, ज्याला सगळे संपला म्हणत होते तो ३६ चा माणूस जुन्या क्लबात परत येतो आणि न्यूकॅसलला दोन मारतो. दादाला त्यात नुसतं फुटबॉल दिसलं असेल? मला नाही वाटत. मी काही त्याच्या मनात शिरले नाहीये, पण तू त्या महिन्यांत त्याच्याशी "म्हातारा काय धावणार" यावर वाद घालत होतास, आणि पाच वर्षांनी तोच शब्द, तोच प्लेयर, फक्त आता उदाहरण म्हणून, आणि विषय दादा स्वतः. तू २०२१ ला सोडून दिलंस म्हणतोस. त्यानं सोडलं नसावं.

तेव्हा असं कर. ग्रुपची लिंक पाठवून "दादा परत ये ना यार" आणि खाली हात जोडलेले चार इमोजी, असलं काही अजिबात करायचं नाही. पोरांना घेऊन जायचं नाही. त्याच्या घरी पण जाऊ नकोस, घरी गेलास की वहिनी पोहे करतील, तुम्ही दोघं सभ्यपणे हवापाण्यावर बोलाल आणि तू तसाच परत येशील. त्याला एकट्याला गाठ, ऐरोली स्टेशनबाहेर नाहीतर तुमच्या नेहमीच्या टपरीवर, आणि आधी पोलचं बोल. पोल दुसऱ्या कोणी टाकला हे सांगत बसू नकोस, कॅप्टन तू आहेस, तू थांबवायला हवा होतास आणि वर जाऊन त्यात मत दिलंस. मग म्हातारा म्हटल्याचं बोल. सॉरी म्हण आणि गप्प बस. तो चिडेल, दोन जुन्या गोष्टी काढेल, त्यात एक-दोन खोट्या पण असतील, ऐकून घे. रोनाल्डोचं नाव तुझ्या तोंडून निघता कामा नये, त्यानं स्वतः काढलं तरी.

हे झालं की मग, त्याच दिवशी नाही जमलं तर दोन दिवसांनी, टीमचं बोल आणि तिथे मात्र अजिबात मऊ होऊ नकोस. अपराधी वाटतंय म्हणून त्याला पहिल्यापासून खेळवशील आणि मनातल्या मनात चरफडशील, ते नको, ते त्याला टर्फवर पाय ठेवल्या ठेवल्या कळेल. सरळ सांग, दादा, टर्फवर बदली कितीही वेळा करता येते, तू दोन्ही हाफच्या शेवटच्या काही मिनिटांना आत यायचं, पुढे उभं राहायचं, समोरचे दमलेले असतात तेव्हा तुझा पहिला टच आम्हाला लागतो, आणि बाहेर ये म्हटलं की बाहेर यायचं. चालेल का? हा प्रश्न त्याला विचार आणि उत्तराला वेळ दे. हो म्हणाला तर त्या बाकीच्या पाच जणांना तूच सांग की हे मी ठरवलंय. नाही म्हणाला, मला पूर्ण मॅच हवी म्हणाला, तर घेऊ नकोस, आणि ते पण ग्रुपवर तूच सांग, एका ओळीत, कारण न देता. पोलबिल परत नाही.

आता दादाबद्दल पण दोन शब्द, तो हे वाचत असेल तर वाचू दे. ४४ वर्षांचा माणूस, पोरांनी चूक केली तर कान धरून चार शब्द सुनवावेत की नाही? लेफ्ट काय होतो, मान काय फिरवतो. सोनेरी केसांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, आमच्या ह्यांनी साठीत मेंदी लावून डोकं केशरी करून घेतलंय आणि ते तसेच तलावपाळीला फिरायला जातात. पण शर्ट काढायचा प्रकार टूर्नामेंटला चालणार नाही बरं का, यलो मिळतं त्याला, आणि दोन मिनिटांसाठी आत आलेल्या माणसानं यलो खाल्लं तर मग त्या सहा जणांच्या हातात कोलीतच.

वहिनींचं तू मनावर घेऊ नकोस, दादाशी नीट झालं की तिकडचं आपोआप होईल.

आणि एक विचारायचं राहिलं, तुमचा तो मेन स्ट्रायकर पाय मोडून बसलाय ना? एवढ्या भांडणात त्याला कोणी भेटून आलं का, का त्याच्यासाठी पण पोल टाकलाय?

— मावशी, ठाणे