मुलाला इंग्लंडात ‘चाइल्ड’ म्हणायचं की ‘यंग पर्सन’?

ताई, ऑगस्टमध्ये तुम्ही पुण्याहून मँचेस्टरला येताय, लेक बारा वर्षांची, मुलगा पंधराचा. शाळेच्या आणि दवाखान्याच्या फॉर्मवर कुठे ‘चाइल्ड’, कुठे ‘यंग पर्सन’, कुठे ‘टीनेजर’ असं वाचून तुम्ही विचारलंत, की या आडनिड्या वयाच्या पोरांना तिकडे नक्की म्हणतात तरी काय? मी लीड्सला राहते, माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळेत शिकली. जे रोज कानावर पडतं ते सांगते.

बोलताना ‘किड्स’ म्हणा, कोणी नाक मुरडणार नाही. ‘टीनेजर’ही चालतं, पण बरेचदा आयाबाया तो वैतागून म्हणतात: ‘काय करणार, टीनेजर आहे ना!’ बाकी मूल केवढं आहे असं विचारलं तर उत्तर बहुधा इयत्तेत येतं. ‘शी इज इन इयर एट’ म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. इयत्ता ठरते 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या वर्षावर. हे आधीच बघून ठेवा, कारण मुलाला 31 ऑगस्टपर्यंत पंधरा पूर्ण होत असतील तर तो थेट इयर इलेव्हनमध्ये, म्हणजे जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारख्या इथल्या परीक्षेच्या) शेवटच्या वर्षात जाईल. तो अभ्यासक्रम सहसा दोन वर्षांचा असतो आणि शाळा-शाळांचे विषय सारखे नसतात. तिकीट काढायच्या आधी शाळेशी बोला.

लिहिताना मात्र आपल्याकडची दोन वळणं पुण्यातच सोडून या. एक म्हणजे ‘माय वॉर्ड’. आपल्या शाळांना लिहिलेल्या अर्जात ते सर्रास असतं. इथे वॉर्ड म्हणजे दवाखान्यातला, नाहीतर कोर्टाच्या ताब्यात असलेलं मूल. सरळ ‘माय सन’, ‘माय डॉटर’ लिहा. दुसरं, ‘ही पास्ड आउट इन 2025’. इथल्या माणसाला वाटेल पोरगा चक्कर येऊन पडला.

‘यूथ’ हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे युवाशक्ती, यूथ आयकॉन असं सगळं कौतुकाचं असतं. इथेही ‘यूथ क्लब’, ‘यूथ वर्कर’ अगदी सभ्य. पण एकट्या मुलाला ‘अ यूथ’ म्हटलं की पोलीस ठाण्याची बातमी वाटते. काच फोडली, मोपेड पळवली, तिथे हा शब्द, आणि तो जवळपास कायम मुलग्यांसाठीच. दहा ते सतरा वयाच्या आरोपींच्या न्यायालयाचं नावही यूथ कोर्ट. ‘जुव्हेनाइल’ त्याहून वाईट: कोणाचं वागणं जुव्हेनाइल म्हटलं तर ती शिवीच समजा. ‘यंगस्टर’ निरुपद्रवी आहे, पण तो वर्तमानपत्रांचा आणि फुटबॉलच्या समालोचकांचा. घरात कोणी म्हणत नाही.

आता ‘यंग पर्सन’. ऐकायला गोड, पण खरं लक्ष इथेच द्यायला हवं. 1989च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे अठरा पूर्ण होईपर्यंत सगळे ‘चाइल्ड’. विशेष शैक्षणिक गरजांबद्दलच्या 2014च्या कायद्यात मात्र सक्तीच्या शाळेचं वय संपल्यापासून पंचविशीपर्यंत ‘यंग पर्सन’. म्हणजे सतरा वर्षांचा पोरगा एकाच वेळी दोन्ही असू शकतो. शाळा आणि दवाखाने तर हा शब्द सैलपणे तेरा-चौदाच्या मुलांनाही लावतात, कारण मिसरूड फुटलेल्या पोराला ‘चाइल्ड’ म्हटलं तर तो ऐकूनही घेणार नाही.

त्यामागे थोडं सौजन्य आहे आणि थोडा हक्कही. 1969च्या कायद्याने सोळा वर्षांचं मूल स्वतःच्या उपचारांना स्वतः संमती देऊ शकतं. सोळाच्या आतल्यांसाठी 1985 सालचा गिलिक खटल्याचा निकाल आहे: मुलाला उपचार नीट समजत असतील तर त्याची संमती पुरते. लेक इयर एटमध्ये असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीचा फॉर्म घरी येईल, त्यावर सही तुमची मागतील. पण तुम्ही तो भरलाच नाहीत आणि लेकीला लस हवी असेल, तर नर्स तिच्याशी बोलून ‘गिलिक कॉम्पिटंट’ असं ठरवू शकते. आणि सोळाव्यानंतर डॉक्टरकडे फोन करून ‘माझ्या मुलाचा रिपोर्ट काय आला?’ असं विचारलंत तर पलीकडून अतिशय गोड आवाजात नकार येईल. आपल्याला ते टोचतं. मला अजूनही टोचतं, पण पोरं त्यामुळे डॉक्टरशी मोकळेपणी बोलतात हेही मी पाहिलंय.

रस्त्यावरची भाषा वेगळीच. आमच्या यॉर्कशरमध्ये मुलगा ‘लॅड’, मुलगी ‘लास’. पालकसभेत मास्तर ‘ही इज अ लव्हली लॅड’ म्हणाले तर खूश व्हा. ‘लॅड्स’ मात्र चाळिशीचे मित्रही असतात. तुमच्या मँचेस्टरात ‘आवर किड’ ऐकाल. ते पोटच्या पोराबद्दल नव्हे, भाऊ किंवा बहिणीबद्दल असतं, मग ते भावंड पन्नाशीचं का असेना. आणि बाईंनी लेकीला ‘यंग लेडी’ किंवा मुलाला ‘यंग मॅन’ म्हटलं तर आवाजाकडे लक्ष द्या. बसस्टॉपवरचे आजोबा म्हणाले तर माया. शाळेत स्वर चढवून म्हटलं तर बोलणी बसणार आहेत.

मुलं आपसात ‘मेट’, ‘ब्रव’ (मित्रा, भावा) म्हणतील, ट्रॅकसूट घालून कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पोराला ‘रोडमॅन’ म्हणतील. ते त्यांचं त्यांना राहू द्या. आपण आयांनी ‘ब्रव’ म्हटलं की पोरं जमिनीत गडप व्हायला बघतात.

कुठल्या फॉर्मवर अडलंय ते कळवा, म्हणजे तिथे सही तुमची लागते की मुलाची, ते बघून सांगते.