दोघेही नोकरीला बाहेर जातात, तरी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवता येईल का?

येतं. आम्ही गेली तीन वर्षं हेच करतोय. तुम्ही विचारलंय की दोघांची पूर्णवेळ नोकरी असताना अभ्यास घ्यायचा कधी. त्याच्याआधी एक ठरवा: दिवसभर मुलाजवळ कोण असणार?

आम्ही नाशिकला राहतो. नवरा सातपूरला कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मी बँकेत, साडेनऊला निघते ती सहाला घरी. मुलगा तिसरीत असताना रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं, सुट्टीत मात्र कधीच नाही. वर्ष संपल्यावर शाळा सोडवली.

सासूबाई घरात आहेत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. चार महिन्यांनी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, मंगळवारचं भजन सुटलं माझं." एवढंच. आवाज चढवला नाही, पण माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. आमच्या निर्णयाचा सगळा भार आम्ही त्यांना न विचारता त्यांच्यावर टाकला होता. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या निवृत्त बाईंशी बोलले. त्या आठवड्यातून तीन दुपारी येतात, ठरलेले पैसे घेतात. सासूबाईंचं भजन पुन्हा सुरू झालं. आजी-आजोबा घरात असतील तर आधी त्यांच्याशी नीट बोला, आणि त्यांचे सुट्टीचे वारही ठरवून टाका.

अभ्यासाला एकट्या मुलाला दीड-दोन तास पुरतात. वेळापत्रक शिफ्टप्रमाणे फिरतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी बाबांबरोबर गणित आणि विज्ञान, फर्स्टला असले की तेच संध्याकाळी. भाषा माझ्याकडे, रात्रीच्या जेवणानंतर. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आम्ही तीच वापरतो. सुरुवातीला मी स्वाध्यायाची पानं काढून ठेवून जायचे. संध्याकाळी सगळी भरलेली असायची, पण विचारलं की काही सांगता यायचं नाही. ते बंद केलं. आता दुपारची कामं वेगळी आहेत: वाचन, चित्रं, आजीबरोबर बाजार, आणि दुधाचा हिशोब.

हा हिशोब पूर्ण त्याचा. कालनिर्णयवर तो खाडे लिहितो. रोज दीड लिटर, लिटरला ६० रुपये. एकदा महिनाअखेर दूधवाल्याने पूर्ण महिन्याचे पैसे सांगितले, तर हा कॅलेंडर काढून दारात उभा. "काका, दोन खाडे आहेत, १८० रुपये कमी." दूधवाल्याने बोटाने तारखा पाहिल्या आणि मान डोलावली. शाळेत फळ्यासमोर गप्प होणारा मुलगा तो हाच.

कायद्याचं थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही. होमस्कूलिंगला स्पष्ट परवानगीही नाही. मधेच शाळेत परत जायचं झालं तर वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्याच कायद्यात आहे, आणि मला तो मोठा आधार वाटतो. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येणारं केंद्र सरकारचं मुक्त शाळा मंडळ आहे, त्याला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात आणि मराठी माध्यमही आहे. राज्य मंडळाला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म भरतात. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा.

मित्रांची सोय मात्र मुद्दाम करावी लागते. आमचा मुलगा रोज संध्याकाळी मैदानावर कबड्डीला जातो, आणि तो तास आम्ही कशासाठीही मोडत नाही.

घरात तिसरं मोठं माणूस नसेल आणि पैसे देऊनही भरवशाचं कुणी मिळत नसेल, तर आत्ता करू नका. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कुलपाआड ठेवून हे होत नाही. आणि माणूस असेल, तर लगेच दाखला काढू नका. मे महिन्याच्या सुट्टीत रजा न घेता, दोघांच्या ड्युट्या जशा आहेत तशा ठेवून, महिनाभर हाच दिनक्रम चालवून पाहा.