नोव्हायला येताय आणि मिनीव्हॅन घ्यायचीये, तर अमेरिकन घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कंपनी तीन वर्षांसाठी पुण्याहून मिशिगनमधल्या, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला पाठवतेय, बायको, चार वर्षांचा मुलगा आणि तान्ही मुलगी बरोबर, थंडी संपली की आईबाबा सहा महिने येणार, म्हणून मिनीव्हॅन हवीये. ऑफिसातले सगळे म्हणतात होंडा नाहीतर टोयोटाच घे, अमेरिकन गाडीच्या वाटेला जाऊ नकोस. आणि तुम्हाला पडलेला प्रश्न बरोबरच आहे, की डेट्रॉइटच्या दारात राहून अमेरिकन मिनीव्हॅन नको असं का म्हणतात, आणि फोर्ड किंवा शेव्हरोलेची मिनीव्हॅन शोधूनही का सापडत नाही.

सरळ उत्तर आधी देतो. तीनच वर्षं राहणार हे नक्की असेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली पेट्रोलवरची क्रायस्लर पॅसिफिका बघा, पैसे वाचतील आणि गाडी कामाची आहे. दहा वर्षं एकच गाडी ठेवायचा विचार असेल तर टोयोटाची सिएना. आता असं का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण इथे लोक "अमेरिकन म्हणजे भंगार" एवढं बोलून मोकळे होतात आणि ते मला अजिबात पटत नाही.

मुळात मिनीव्हॅन अमेरिकन बाजारात रुजवली तीच क्रायस्लरने. ली आयकोका आणि हॅल स्पर्लिक हे दोघंही आधी फोर्डमध्ये अधिकारी होते, तिथे स्पर्लिक अशा छोट्या व्हॅनच्या मागे लागला होता पण कंपनीचे प्रमुख हेन्री फोर्ड दुसरा यांनी ती होऊ दिली नाही, पुढे दोघांचीही फोर्डमधून गच्छंती झाली आणि दोघं क्रायस्लरमध्ये आले. क्रायस्लर तेव्हा बुडायला आलेली, सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली म्हणून जिवंत राहिली. त्या अवस्थेत त्यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये विंडसरच्या कारखान्यातून डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर बाहेर काढल्या. विंडसर म्हणजे डेट्रॉइट नदीच्या पलीकडचं कॅनडातलं गाव, तुम्ही डाउनटाउनला गेलात की समोर दिसेल. चलाखी अशी होती की इंजिनाने कारसारखी पुढची चाकं फिरवायची, त्यामुळे खाली लांब शाफ्ट नाही, मजला सपाट आणि बुटका, म्हाताऱ्या माणसाला सहज चढता येईल असा, आणि उंची इतकीच की घराच्या साध्या गॅरेजमध्ये मावेल. आत सात माणसं. लोकांनी उचलून धरली, अक्षरशः त्या गाडीने कंपनी तारली.

जीएम (जनरल मोटर्स, शेव्हरोले त्यांचीच) आणि फोर्डला हे दिसत होतं, तरी दोघांनी चुकीची गाडी बनवली. शेव्हरोलेची ॲस्ट्रो आणि फोर्डची एरोस्टार दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, ट्रकच्या वळणाच्या, सामान ओढायला छान पण घरच्या बाईला रोज मुलांना शाळेत सोडायला जड. मग जीएमने १९९० च्या मॉडेलला प्लास्टिकच्या बॉडीची लुमिना एपीव्ही आणली, तिचं नाक इतकं लांब आणि उतरतं की लोक तिला हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नावाने ओळखायला लागले, आणि पुढची काच इतकी दूर की गाडीचं टोक कुठे संपतं ते चालवणाऱ्याला कळायचं नाही. फोर्डने १९९५ ची विंडस्टार मात्र चांगली जमवली होती, पुढची चाकं, ऐसपैस जागा, पण सरकता दरवाजा एकाच बाजूला. क्रायस्लरने १९९६ च्या मॉडेलला ड्रायव्हरच्या बाजूलाही सरकता दरवाजा दिला आणि खेळ तिथेच संपला. फोर्डने घाईघाईत ड्रायव्हरचं दार लांब करून बघितलं, खरा दुसरा सरकता दरवाजा यायला १९९९ उजाडलं. नंतर २०१० मध्ये जुन्या विंडस्टारचा मागचा ॲक्सल गंजून तुटू शकतो म्हणून मोठा रिकॉल झाला, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. नाव बदलून फ्रीस्टार केलं होतं, तीही चालली नाही, २००७ च्या मॉडेलनंतर फोर्डने मिनीव्हॅनचं दुकानच बंद केलं. जीएमने आपल्या जुन्या व्हॅनला एसयूव्हीसारखं नाक लावून अपलँडर म्हणून विकून बघितली, २००८ मध्ये जॉर्जियातला डोराव्हिलचा कारखाना बंद झाला आणि अमेरिकेत तीही गेली.

यात जपान्यांचा हात आहेच. होंडाने १९९९ ची ओडिसी अमेरिकन घराच्या मापाची बनवली, तिसरी रांग मजल्यात गडप होणारी, टोयोटाची सिएना त्याच सुमाराची. पण मला विचाराल तर फोर्ड आणि जीएमला जपान्यांपेक्षा त्यांच्याच एसयूव्हीने मिनीव्हॅनपासून तोडलं. फोर्डची १९९१ ची एक्स्प्लोरर तुफान चालली, ट्रकच्या सांगाड्यावरची गाडी बनवायला सोपी, किंमत जास्त लावता येते, म्हणजे एका गाडीमागे सुटणारा पैसा कितीतरी जास्त, मग मिनीव्हॅनवर डोकं कोण खर्च करणार. शिवाय "आईची गाडी" असा शिक्का बसला आणि तरुण जोडपी तोंड फिरवायला लागली. २००० साली अमेरिकेत साडेतेरा लाखांवर मिनीव्हॅन विकल्या गेल्या, आता त्याच्या निम्म्याही जात नाहीत. उरली काय ती क्रायस्लर, आणि समोर ओडिसी, सिएना, कियाची कार्निव्हल. तेव्हा "अमेरिकन मिनीव्हॅन" म्हणजे आज क्रायस्लरच, आणि तीही विंडसरला बनते, कंपनी स्टेलांटिसची, जिचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये. ओडिसी अलाबामात बनते, सिएना इंडियानात. म्हणून अमेरिकन-जपानी या वादात पडू नका, गाडी बघा.

पॅसिफिकाचं बलस्थान म्हणजे मधल्या सीट्स. २००५ पासून क्रायस्लरकडे ही सोय आहे: पुढची सीट थोडी पुढे सरकवायची, मजल्यातलं झाकण उघडायचं, दोरी ओढली की मधली सीट घडी होऊन त्या खड्ड्यात जाते, वर झाकण, सपाट मजला. सीट वर असताना तोच खड्डा सामानाला. तुम्ही आल्या आल्या कँटनच्या आयकियाला जाणार, सगळेच जातात, तेव्हा कळेल याची किंमत. नव्या सिएनाच्या मधल्या सीट्स निघतच नाहीत, ओडिसीच्या निघतात पण त्या उचलून घरात ठेवायला लागतात. मोबदल्यात पॅसिफिकाच्या मधल्या सीटची गादी जरा पातळ, लांबच्या प्रवासात आईबाबांना जाणवेल, म्हणून डीलरकडे नुसती चक्कर मारू नका, अर्धा तास मागे बसून बघा.

बसायची व्यवस्थाही आत्ताच ठरवा. सहा माणसं असताना बाबा पुढे, मध्ये आई आणि बाळाची सीट, मागे तुमची मिसेस आणि मोठा मुलगा, ही रचना सगळ्यात सोपी पडते. पुण्याहून कार सीट आणू नका, इथल्या मान्यतेचं लेबल नसेल तर चालत नाही.

टिकाऊपणाबद्दल लोक म्हणतात त्यात तथ्य आहे. क्रायस्लरचा १९८९ चा चार गिअरचा ऑटोमॅटिक ट्रान्समिशन बदनाम होता आणि ते नाव अजून चिकटलंय. पण होंडाच्या १९९९ नंतरच्या सुरुवातीच्या ओडिसीचे ट्रान्समिशनही तितकेच बदनाम होते, हे ऑफिसातले सांगणार नाहीत. सिएना २०२१ पासून फक्त हायब्रिड, लिटरला साधारण १५ किलोमीटर, पॅसिफिका आणि ओडिसी साडेनऊच्या आसपास. इंधनात सिएना सरळ पुढे आहे, पण वापरलेलीही इतकी महाग मिळते की तीन वर्षांत तो फरक भरून निघणं अवघड. पॅसिफिकाची प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरी चार्ज करता येणारी, मोहात पाडेल, पण २०१७-१८ च्या गाड्यांना आगीच्या धोक्यामुळे २०२२ मध्ये रिकॉल झाला होता, गाडी घरापासून लांब बाहेर उभी करा असं सांगितलं होतं, आणि बॅटरी मधल्या सीटच्या खाली असल्याने ती घडीची सोयही जाते. मी तुम्हाला साधी पेट्रोलवालीच सांगेन.

मिशिगनमध्ये एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा, गंज. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून गाडी खातं. सरकत्या दरवाजाच्या खालची पट्टी, मागच्या चाकाची कमान आणि खालचा सांगाडा टॉर्च मारून बघा, शक्य असेल तर दक्षिणेकडून आलेली गाडी घ्या. व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, सरकारी साइटवर टाकला की बाकी राहिलेले रिकॉल फुकट दिसतात. आणि नवीच घ्यायची ठरली तर आधी महाराष्ट्र मंडळात किंवा शेजारी विचारा, इथे दर चार घरांआड कोणीतरी गाड्यांच्या कंपनीत असतो आणि त्यांना मित्रांसाठी सवलतीचे कोड मिळतात, ते मागायला अजिबात संकोच करू नका.

सही करायच्या आधी त्याच व्हिनवर दोन-तीन ठिकाणचा इन्शुरन्स कोट घ्या. मिशिगनचा इन्शुरन्स देशात महागड्यांपैकी आहे, त्यात तुमची इथली ड्रायव्हिंगची हिस्टरी शून्य, त्यामुळे महिन्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याच्या जवळ जाऊ शकतो. तुमचं बजेट आणि मुलाच्या शाळेचा भाग कळवा, त्याप्रमाणे जवळचे डीलर सांगतो.