मुलगी स्वतःला 'ब्लॅक' म्हणवते, मग मी कोण?

"सतरा वर्षं मी वाढवलं. वरणभातावर मोठी झाली, अथर्वशीर्ष तोंडपाठ आहे. आणि फॉर्मवर काय लिहिलं, तर 'ब्लॅक'. म्हणजे तिच्यात माझं काही उरलंच नाही का?"

समुपदेशनासाठी आलेल्या नेरूळच्या एका आईचा हा प्रश्न. वडील नायजेरियाचे, इग्बो समाजातले. तयार कपड्यांच्या व्यापारासाठी मुंबईत आले, इथेच लग्न झालं, इथेच संसार. मुलगी बारावीला, धाकटा मुलगा सहावीत. मुलीला आपण रेवा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न नेहमीचाच आहे, फक्त घर बदललं की बाजू बदलते. मिझो वडील आणि ठाणेकर आई असलेला मुलगा कॉलेजात गेल्यावर एकदम ईशान्येच्या मुलांमध्येच राहायला लागतो. घोडबंदर रोडच्या घरातली रशियन सून म्हणते, पोरगी माझ्याशी चारचौघांत माझ्या भाषेत बोलत नाही. मुलाने एक बाजू उचलली की दुसऱ्या बाजूच्या पालकाला वाटतं, आपल्याला वगळलं.

रेवाच्या घरी ठिणगी पडली ती अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रवेशअर्जावरून. त्यात वंशाचा प्रश्न असतो, तो ऐच्छिक असतो आणि त्यात एकापेक्षा जास्त पर्यायांवर खूण करता येते. रेवाला 'एशियन' आणि 'ब्लॅक' दोन्ही निवडता आलं असतं. तिने एकच निवडलं, आणि ते आईने पाहिलं.

आईला पहिला प्रश्न फॉर्मबद्दल विचारलाच नाही. विचारलं ते एवढंच, की याआधी रेवा स्वतःला काय म्हणायची? आईचा चेहरा खुलला. "आठवीपर्यंत तर विचारूच नका. कोणी विचारलं की ताडकन सांगायची, मी मराठी आहे. फक्त मराठी." त्या काळात बाबा पालकसभेला यायचे का? नाही. रेवाच म्हणायची, आई, तूच ये. केस? दर महिन्याला पार्लरमध्ये सरळ करून घ्यायची. सहलीचे फोटो? फोटोत ती क्वचितच असायची. पोहण्याचा क्लास तिने उन्हाने काळी पडते म्हणून सोडला होता.

काळजीचा काळ खरं तर तो होता. पण तेव्हा निवड सगळ्यांच्या मनासारखी होती म्हणून कोणाला ती निवड वाटलीच नाही. मुलाने कोणतं नाव घेतलं यापेक्षा ते कशापोटी घेतलं, ओढीपोटी की लाजेपोटी, हे आधी पाहावं लागतं. लाजेपोटी घेतलेलं 'मी मराठी' आणि ओढीने घेतलेलं 'मी ब्लॅक' यांतलं दुसरं जास्त निरोगी असू शकतं. आईला हे पटायला वेळ लागला, आणि ते साहजिक आहे.

रेवाशी बोलणं वेगळं झालं, आईवडिलांशिवाय. तिचं म्हणणं सरळ होतं. रिक्षावाला मीटर टाकायच्या आधी विचारतो, कुठून आलात? सोसायटीत नवीन वॉचमन आला की दर वेळी अडवतो, भावाला अडवत नाही. भाऊ उजळ आहे. मैत्रिणीचं घर भाड्याने द्यायचं होतं तेव्हा मैत्रिणीची आई रेवासमोरच म्हणाली, आफ्रिकन लोकांना नको हं. मग जीभ चावून, "तू नाही गं, तू तर आपलीच." रेवा म्हणाली, "मी किती चांगलं मराठी बोलते ते बघायच्या आधी लोक मला बघतात. मग जे बघतात त्याचंच नाव मी घेतलं तर काय चुकलं?"

दहावीनंतर ती लागोसला आजीकडे जाऊन आली होती. आईला वाटत होतं, तिकडूनच हे खूळ आलं. झालं होतं उलटं. लागोसच्या बाजारात पोरं तिच्यामागे 'ओयिंबो, ओयिंबो' ओरडत होती. गोऱ्या माणसाला तिकडे तसं हाक मारतात. नेरूळमध्ये काळी आणि लागोसमध्ये गोरी, एकाच कातडीत. हे कळल्यावर रेवा आधी खूप हसली आणि मग रडली, असं तिनेच सांगितलं.

वंश रक्तात ठरलेला असतो, तो फक्त शोधून काढायचा, ही समजूत इथेच कोलमडते. देश बदलला की वंशाचा रकाना बदलतो. अमेरिकेच्या जनगणनेत एकापेक्षा जास्त वंश नोंदवायची सोय २००० साली झाली. त्याआधी एकच निवडावा लागे. २०२० मध्ये तिथल्या १०.२ टक्के लोकांनी दोन किंवा अधिक वंश नोंदवले. इंग्लंडच्या जनगणनेत २००१ पासून 'मिश्र' असा गट आहे, पण त्यात नाव घेऊन दिलेले तिन्ही पर्याय 'गोरे आणि कोणीतरी' असेच आहेत. आई मराठी, वडील नायजेरियन, अशा रेवासाठी तिथे उरतं 'इतर कोणतेही मिश्र'. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाच्या नावावर वंश चिकटवला होता, आणि शंका आली की केसात पेन्सिल खोचून ती खाली पडते का हे पाहत. कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. आपल्याकडच्या फॉर्मवर वंश विचारत नाहीत, धर्म-जात विचारतात. तिथेही आईवडिलांची जात वेगळी असेल तर मुलाची जात आपोआप वडिलांचीच असं शेवटचं धरता येत नाही, मूल कोणत्या समाजात आणि कसं वाढलं तेही पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे.

रेवाच्या आईला मात्र आकड्यांपेक्षा एका आईचा दाखला जास्त लागला. कमला हॅरिस यांच्या आई श्यामला गोपालन तमिळ, वडील जमैकाचे. हॅरिस यांनी लिहिलं आहे की आपण दोन कृष्णवर्णीय मुली वाढवतो आहोत आणि हा देश त्यांना तसंच पाहणार, हे आईला पक्कं माहीत होतं. म्हणून तिने आत्मविश्वास असलेल्या कृष्णवर्णीय मुली घडवायचं ठरवलं. त्यामुळे घरातला इडली-सांबार बंद झाला नाही. बराक ओबामांच्या आई गोऱ्या, त्यांना वाढवलं मुख्यतः आई आणि तिच्या आईवडिलांनी, तरी २०१० च्या जनगणनेत त्यांनी फक्त कृष्णवर्णीय अशीच खूण केली. आजीवरचं प्रेम त्या खुणेने मोजायचं नसतं.

या विषयावर काम केलेल्या केरी अॅन रॉकमोर आणि डेव्हिड ब्रन्स्मा यांनी मिश्रवंशीय तरुणांच्या उत्तरांतून चार तऱ्हा मांडल्या. कोणी एकाच बाजूचं नाव घेतं. कोणी म्हणतं, मी दोन्हींच्या मधली तिसरीच. कोणी माणसं बघून बदलतं, आजोळी एक आणि मित्रांत दुसरं. आणि कोणी म्हणतं, मला हा हिशेबच मान्य नाही. यातली एक तऱ्हा बरोबर आणि बाकीच्या चूक असं नाही, आणि एकच माणूस वयानुसार यांतून फिरू शकतो. किशोरवयात एकच बाजू धरायचा दबाव सर्वांत जास्त असतो. दुसरी बाजू सोडल्याचा अपराधीपणाही त्याच वयात येतो. अशा वेळी पालकाने डोळ्यांत पाणी आणून "मग मी कोण?" विचारलं की तो अपराधीपणा दुप्पट होतो आणि मूल बोलणं बंद करतं. या घरात नेमकं तेच होत होतं.

वडिलांची अडचण निराळी. ते म्हणाले, "मूल बापाच्या कुळाचं असतं, यात निवडायचं काय?" इग्बो समाज पितृवंशीय, त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटलेलाच होता. पण त्यांना विचारलं की लहानपणी तुम्ही स्वतःला 'ब्लॅक' म्हणायचात का, तर ते थबकले. गावात सगळेच काळे. तिथे माणूस इग्बो असतो, योरुबा असतो, हौसा असतो. 'ब्लॅक' ते झाले विमानातून उतरल्यावर. म्हणजे रेवाने घेतलेलं नाव आईचं नाही तसं वडिलांचंही नाही. ते तिने नेरूळ-वाशीच्या रस्त्यावर स्वतः कमावलं आहे. आईच्या मनातली 'तो जिंकला, मी हरले' ही गाठ सुटायला हे कामी आलं.

पुढचं काम साधं आणि थोडं कंटाळवाणं असतं. रेवाने दोन आठवडे वहीत चार रकाने भरले: कोणी विचारलं, कुठे, मी काय सांगितलं, नंतर कसं वाटलं. महिनाभर लिहायला सांगितलं तर मुलं सोडून देतात. दोन आठवडे पुरतात. वही भरल्यावर दिसलं की सगळे प्रश्न सारखे बोचत नाहीत. शेजारच्या काकूंचं कुतूहल, ऑफिसातला कागद आणि टोमणा, या तिघांना एकच उत्तर द्यायचा ती प्रयत्न करत होती आणि थकत होती. मग उत्तरं वेगळी केली. कुतूहलाला, "आई इथलीच, बाबा नायजेरियाचे." वेळ नसेल तेव्हा, "नेरूळची," एवढंच, खरं आहे आणि पुरेसं आहे. "नाही, पण मूळची कुठली?" असं आलं तर, "का विचारताय?" हा प्रश्न आवाज न चढवता, उत्तराची वाट बघत विचारायचा. टोमण्याला उत्तर देण्याचं बंधन नाही. एकटी असताना तर नाहीच, तिथून निघायचं आणि घरी सांगायचं. ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघावी लागतात. मनातल्या मनात ठरवलेलं ऐन वेळी तोंडातून निघत नाही.

केसांचा विषय पालकांना किरकोळ वाटतो. तसा तो अजिबात नाही. आईच्या हातून केस ओढले जाणं आणि "कसले हे केस!" असं रोज ऐकणं, स्वतःच्या एका बाजूबद्दलचं मत मुलीला बहुतेक वेळा इथूनच मिळतं. असे घट्ट कुरळे केस ज्या मुळातून येतात ते चपटं असतं, त्यामुळे केस वळत जातो आणि टाळूचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून ते कोरडे आणि तुटके. कोरड्या केसांत बारीक दातांचा कंगवा मुळापासून खाली ओढला की केस तुटणार, मुलगी ओरडणार. धुणं आठवड्यातून एकदा पुरतं. ओल्या केसांना कंडिशनर लावून चार ते सहा भाग करायचे, रुंद दातांचा कंगवा घ्यायचा आणि टोकांपासून सुरुवात करून वर जायचं. रात्री सॅटिनची उशी. शाळेच्या नियमाच्या दोन घट्ट वेण्यांनी कानशिलाजवळचे केस विरळ होतात. शाळेला अर्ज देऊन सैल वेण्यांची किंवा एका अंबाड्याची परवानगी मागावी. आईने हे शिकून रविवारी स्वतः करायला घेतलं. 'तुझ्यात माझं काही उरलं नाही' या तक्रारीवर याहून चांगला उपाय सापडणं कठीण.

दुसरं काम वंशावळीचं. दोन्हीकडच्या तीन पिढ्या एका मोठ्या कागदावर: नाव, गाव, भाषा, धंदा, आणि प्रत्येकाबद्दल एक तरी गोष्ट. आईकडची बाजू तासाभरात भरली. वडिलांकडची अर्धी कोरी राहिली, कारण त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. मूल एका बाजूकडे धावतं तेव्हा कित्येकदा ती बाजू घरात कोरी असते म्हणून धावतं. वडिलांनी रोज जेवताना इग्बोतून दोन वाक्यं बोलायची आणि आठवड्यातून एकदा लागोसच्या आजीला फोन लावून द्यायचा, एवढं ठरलं.

मध्येच आईने विचारलं, डीएनए चाचणी करून टाकूया का, म्हणजे कळेल. काय कळणार? अर्धं आईकडून आणि अर्धं वडिलांकडून, हे चाचणीशिवायही ठाऊक आहे. त्यापुढचे प्रदेशवार टक्के हा कंपनीकडच्या नमुन्यांशी ताडून काढलेला अंदाज असतो, नमुने वाढले की तोच अहवाल बदलतो. रिक्षावाल्याला काय सांगायचं हे त्यात नसतं.

"आमच्या घरात आम्ही रंग बघतच नाही" हे वाक्यही दोघांना बंद करायला सांगितलं. हेतू चांगला असतो. पण बाहेर रोज रंग बघितला जातो आणि घरात त्याचं नाव काढायचं नाही, म्हटल्यावर मूल तो अनुभव कुठे घेऊन जाणार?

'दोन्ही कसं असता येईल?' असं आईकडची आजी एकदा म्हणाली, तेव्हा उत्तर ठाण्यातच होतं. टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग १८७९ सालचं आहे. तिथे जाणाऱ्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ज्यू घरांत पेणकर, रोहेकर अशी आडनावं आहेत आणि बोली मराठी. त्यांच्यातलं ज्यू किती आणि मराठी किती, हे आजीने आयुष्यात कोणाला विचारलं नव्हतं.

फॉर्मचं म्हणाल तर तो या सगळ्यातला सर्वांत हलका भाग निघाला. २९ जून २०२३ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथल्या विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाच्या खुणेला वजन देता येत नाही. निबंधात मात्र वंशामुळे आयुष्यात काय घडलं आणि त्यातून आपण काय झालो, हे लिहिता येतं. शिवाय भारतीय नागरिक म्हणून गेलेली विद्यार्थिनी तिथल्या सरकारी आकडेवारीत वंशाच्या रकान्यात धरलीच जात नाही, परदेशी विद्यार्थी म्हणून वेगळी मोजली जाते. प्रश्न रिकामा सोडला तरी चालतो. रेवाने खूण तशीच ठेवली आणि निबंध लिहिला सोसायटीच्या गेटवर.

कधी थांबू नये तेही सांगायला हवं. रंग उजळण्याची मलमं चोरून लावणं (त्यांत स्टेरॉइड असलं तर कातडी पातळ होते), एका पालकाला मित्रांसमोर येऊ न देणं, शाळा टाळणं, आरसा-फोटो टाळणं, "मी अशी जन्मायलाच नको होते" असं बोलणं. यातलं काही दिसलं तर ओळखीची चर्चा बाजूला ठेवून लगेच मदत घ्यावी. टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

धाकट्याबद्दल आईने जाता जाता विचारलं, त्याला पण आत्ताच बसवून समजावू का? तो स्वतःला मराठी म्हणतो, फुटबॉल खेळतो, पालकसभेला बाबांचा हात धरून जातो. त्याला काही समजवायचं नाही. बहिणीसारखंच त्याचंही होईल असं धरू नये. एकाच आईवडिलांची दोन मुलं वेगळी दिसतात, त्यांना रस्ता वेगळा भेटतो आणि उत्तरंही वेगळी येतात. वंशावळीचा कागद त्याला दिसेल अशा भिंतीवर लावावा आणि बाबांकडची कोरी राहिलेली नावं भरायला त्यालाच बसवावं.