वाचकांचे प्रश्न : साधी पेशी चरबीची कशी होते?

गेल्या अंकात चरबीपेशी घडताना कोणती जनुकं चालू होतात, यावर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. नांदेडच्या विद्यार्थ्याचं उत्तर लांबलं आहे. ज्यांना प्रयोगशाळेशी देणंघेणं नाही त्यांनी ते खुशाल ओलांडून पुढे जावं.

बारावीची मुलं विचारतात, सगळ्या पेशींत जनुकं तीच, मग चरबी पोटावर साठते तशी डोळ्याच्या भिंगात का साठत नाही? काय सांगावं?
– जीवशास्त्राच्या शिक्षिका, अंबाजोगाई

जनुक असणं वेगळं आणि ते वाचलं जाणं वेगळं, इथून सुरुवात करा. जनुकाच्या आसपास डीएनएचे छोटे तुकडे असतात. त्यांवर ठरावीक प्रथिनं येऊन बसली तरच ते जनुक जोरात वाचलं जातं. भिंगाच्या पेशीतली प्रथिनं क्रिस्टलिनची, म्हणजे भिंग ज्या पारदर्शक प्रथिनांनी भरलेलं असतं त्यांची, जनुकं चालू ठेवतात. चरबीपेशीत मुकादमकी असते पीपीएआर-गॅमा या प्रथिनाकडे.

हा मुकादम मात्र एकदम हजर होत नाही. हार्मोनचा निरोप मिळाल्यावर साधारण चार तासांत सी/ईबीपी-बीटा हे प्रथिन तयार होतं. गंमत अशी की तयार होऊनही आणखी दहा-बारा तास त्याला डीएनए धरता येत नाही. त्याच्यावर फॉस्फेटचे गट चढावे लागतात, मग त्याची पकड बसते. ते पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा या दोघांना उठवतं, आणि पुढे हे दोघं एकमेकांना जागं ठेवतात. म्हणून मूळ निरोप थांबला तरी पेशी मागे फिरत नाही.

फळ्यावर लिहायचं असेल तर पीपीएआर-गॅमाची आवडती जागा डीएनएच्या अक्षरांत लिहा : ए-जी-जी-टी-सी-ए, मध्ये कोणतंही एक अक्षर, पुन्हा ए-जी-जी-टी-सी-ए. शब्द दोनदा येतो, कारण पीपीएआर-गॅमा एकटं बसत नाही. आरएक्सआर नावाच्या जोडीदाराला घेऊनच बसतं. पुरावा विचारला तर १९९४ चा प्रयोग सांगा. ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत पीटर टोंटोनोझ आणि सहकाऱ्यांनी पीपीएआर-गॅमाचं एकच जनुक साध्या फायब्रोब्लास्टमध्ये (जोड-ऊतीच्या पेशींत) घालून ते जोरात चालवलं आणि त्याला चालना देणारी रसायनं दिली. त्या पेशी चरबीच्या झाल्या.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ३टी३-एल१ पेशी वाढवतो. आठव्या दिवशी शंभरात दहा-पंधरा पेशींतच तेलाचे थेंब दिसतात. फेब्रुवारीत छान जमलं होतं, मे महिन्यात पार बिघडलं. औषधं खराब झाली असतील का?
– विद्यार्थी, नांदेड

औषधांवर संशय शेवटी घ्या. आधी पेशींचं वय बघा. उंदराच्या भ्रूणापासून आलेल्या या पेशी हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात वेगळ्या केल्या गेल्या, आणि त्यांचा नखरा तेव्हापासून तोच आहे : फ्लास्क एकदा जरी गच्च भरू दिला तरी त्यांची चरबी होण्याची ताकद घटते. वाढवताना ६०-७० टक्के भरल्या की सबकल्चर करा, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये विरळ करून वाटा. अशा दहाव्या-बाराव्या वाटणीपुढे (पॅसेजपुढे) तो साठा वापरू नका. वाढीसाठी वासराचं साधं सिरम १० टक्के घ्या. भ्रूणाचं महागडं सिरम प्रयोग सुरू करायच्या दिवसापासून. उलट केलं तर पैसेही जातात आणि काही पेशी वेळेआधीच चरबीच्या होऊन बसतात.

दुसरी चूक घाईची. प्रयोगाची प्लेट पूर्ण भरली त्याच दिवशी औषधं घालायची नाहीत, आणखी दोन दिवस थांबायचं. त्या दोन दिवसांत सगळ्या पेशी विभाजन थांबवून एका रांगेत येतात. औषधं पडल्यावर त्या एकदम एक-दोन वेळा विभागतात आणि मग चरबीच्या वाटेला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गर्दी वाढलेली दिसली नाही, तर आठव्या दिवसाची वाट बघण्यात अर्थ नाही.

१० मिलि मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) तिन्ही औषधं घालायचा हिशेब असा : आयबीएमएक्सचं १०० मिलिमोलर द्रावण ५० मायक्रोलिटर, डेक्सामेथासोनचं १ मिलिमोलर द्रावण १० मायक्रोलिटर, इन्सुलिनचं मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचं द्रावण १० मायक्रोलिटर. आयबीएमएक्स २२ मिलिग्रॅम घेऊन १ मिलि डीएमएसओ या द्रावकात विरघळवा. ते फ्रीजरमधून काढलं की गोठलेलं असतं. ३७ अंशांवर पूर्ण नितळ होईपर्यंत ठेवा. खाली स्फटिक बसलेले असताना वरचा द्रव उचलला, की औषध 'घातलं' जातं पण पडत नाही. इन्सुलिन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, किंचित आम्ल लागतं. हे मिश्रण ४८ तास, मग नुसतं इन्सुलिन ४८ तास, पुढे साधं मीडियम दर दोन दिवसांनी बदलायचं. तुलनेसाठी एक वेल (प्लेटमधली खळगी) औषधांविना, फक्त तेवढ्याच डीएमएसओची ठेवा.

आता मे महिना. साध्या कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरला तापवता येतं, गार करता येत नाही. ३७ अंश धरून ठेवायचे तर बाहेरची खोली किमान पाच अंशांनी थंड हवी. वीज गेली की इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, एसी मात्र बंद पडतो. नांदेडच्या उन्हाळ्यात खोली दुपारपर्यंत ३८ ला टेकते आणि आतल्या पेशी त्याहून वर. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून आत ठेवा आणि दुपारी तीनला वाचा. दुसरं म्हणजे कोरडी हवा. खालचा पाण्याचा ट्रे आटला की कडेच्या वेलमधलं मीडियम घट्ट होतं, आणि प्लेटच्या मध्यभागी थेंब, कडेला काहीच नाही असं चित्र दिसतं. ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरचं घातलं तर क्षारांचा थर आणि बुरशी दोन्ही मिळतील.

ऑइल रेड-ओने (चरबीचे थेंब लाल करणाऱ्या रंगाने) रंगवतानाही पेशी हातच्या जातात. भरलेल्या पेशी तळाला सैल धरलेल्या असतात, त्यामुळे मीडियम कडेने, हळू ओढा. रंगाचे सहा भाग, पाण्याचे चार, गाळून लगेच वापरायचा. रंगाआधीची धुलाई ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलने. १०० टक्क्यांनी धुतलं तर थेंबच विरघळून जातील. तेच १०० टक्के शेवटी रंग उतरवून ५०० नॅनोमीटरजवळ मोजायला कामी येतं.

वडिलांना शुगरसाठी पायोग्लिटाझोन सुरू केलं आणि वजन वाढलं. ही गोळी चरबीपेशी वाढवते असं लेखात होतं. मग ती मधुमेहाला चालते कशी?
– वाचक, लातूर

ही गोळी पीपीएआर-गॅमाच्या खोबणीत बसून त्याला चालू करते. कातडीखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार होतात आणि यकृतात, स्नायूंत घुसलेली चरबी तिकडे सरकते. चरबी योग्य कोठारात गेली की इन्सुलिनचं काम सुधारतं. परिणाम दोन-तीन महिन्यांत पूर्ण दिसतो, आठवड्यात नाही.

वाढलेल्या वजनात चरबी असते तसं पाणीही असतं, आणि काळजी पाण्याची. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला, किंवा थोड्याच दिवसांत वजन भराभर वाढून चालताना धाप लागू लागली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. हृदय निकामी होण्याचा त्रास असलेल्यांना ही गोळी देत नाहीत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून २०१३ च्या जूनमध्ये भारतात तिची विक्री थांबवली होती, जुलैत इशारा छापण्याच्या अटीवर परत सुरू झाली. लघवीत रक्त दिसलं तर लपवू नका. गोळी मनाने मात्र बंद करायची नाही.

नवरात्रात कडक उपवास केला, तीन किलो उतरले, दिवाळीला परत चढले. चरबीच्या पेशी मरत नाहीत का?
– वाचक, जालना

नऊ दिवसांत उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. साठवलेल्या एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातल्या साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. ते जातं आणि जेवण सुरू झालं की येतं. (साबुदाणा-शेंगदाण्याचा उपवास असेल तर तेही जात नाही.) चरबीपेशी रिकाम्या होतात, संख्या जवळपास तेवढीच राहते. १९६३ पर्यंत हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएत उतरला होता. तो मोजून स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की प्रौढांत दरवर्षी सुमारे १० टक्के चरबीपेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात.

मी किडकिडीत आहे, तरी शुगर निघाली. जाड नसताना असं कसं?
– शेतकरी, परभणी

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काटा सारखं दाखवतो, आत सारखं नसतं. कातडीखालच्या पेशींनी पुरेशी चरबी सामावून घेतली नाही, तर ती पोटात आणि यकृतात जाते.

त्यामुळे तुम्ही वजनापेक्षा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडल्यावर वाचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची हद्द. पँटचा नंबर धरू नका, पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो.