मोबाईल असताना बेडरूममध्ये वेगळं घड्याळ ठेवायची खरंच गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की आई गावाहून तुमच्याकडे फ्लॅटवर राहायला आलीये, तिला झोपायच्या खोलीत घड्याळ हवंय, चांगला फोन घेऊन दिलाय त्यात वेळ दिसते तरी तिचं तेच चाललंय, घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही, मग हा हट्ट कशाला आणि घ्यायचंच झालं तर डिजिटल घ्यावं की साधं. हट्ट नाहीये तो. घ्या. या आठवड्यात घ्या, दिवाळीला बघू म्हणून पुढे ढकलू नका. कुठलं घ्यायचं ते सांगते, पण आधी हे ऐका, कारण अगदी हेच वाक्य, "फोन आहे ना, मग कशाला", मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय.

आमचं घर गोव्यात, साखळी गावाजवळ. बाबा डिचोलीकडच्या खाणीवर कामाला होते, तीन पाळ्यांत काम. पहिली पाळी असली की कामगारांची गाडी सव्वापाचला तिठ्यावर यायची आणि कोणासाठी थांबायची नाही, चुकली की दिवसाचा पगार गेला. तेव्हा घरात दोन घंट्यांचं चावीचं घड्याळ होतं, त्याला रोज रात्री चावी द्यायची, ते काम माझं. पुढे ते बंद पडलं आणि साखळीच्या बाजारातून बाबांनी सेलवर चालणारं पांढरं गोल घड्याळ आणलं, मोरबीला तयार झालेलं, काळे ठळक आकडे, काट्यांवर रेडियमच्या हिरव्या पट्ट्या, आणि ते त्यांच्या खाटेसमोर दारावर लावलं. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तोपर्यंत बाबा रिटायर झालेले, पण त्यांचं एक वेगळंच नुकसान झालं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी सकाळी खनिजाच्या ट्रकांची रांग सुरू झाली की पडल्या पडल्या कळायचं किती वाजले असतील. ट्रक गेले, आणि तसंही वय झालं तसं बाबांना कमी ऐकू यायला लागलं होतं, मग रात्री वेळ कळायला ते एक घड्याळच उरलं. आधी तासातासाला आईला हाक मारायचे, कितलीं वाजलीं गो? खोलीत घड्याळ आल्यावर ते विचारणंच बंद झालं. डोळे उघडायचे, बघायचे, कूस बदलायचे. कोणाची झोपमोड नाही.

आता 2019 ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. 2 सप्टेंबरला सोमवारी होती. दादा-वहिनी आणि मुलं पुण्याहून आदल्या दिवशी आली, घर भरलं, गणपतीच्या वरची माटोळी, म्हणजे फळं टांगायची चौकट, बांधून झाली, नारळ, सुपारीचा घड, चिबूड सगळं वर टांगलं. गोव्याबाहेरच्यांना सांगते, चवथीला भटजी आपल्याला हवे तेव्हा येत नाहीत, त्यांची घरं ठरलेली असतात आणि ते सांगतील ती वेळ. आम्हाला पहाटे साडेपाचची मिळाली होती. म्हणजे साडेचारला उठून आंघोळी, फुलं, दूर्वा, सगळं तयार पाहिजे. इतकी वर्षं चवथीला अख्ख्या घराला बाबाच उठवायचे, त्यांना अलार्म लागत नसे, घड्याळ बघून उठायचे आणि एकेकाच्या पायाला हात लावून जागं करायचे. त्या रात्री दादा म्हणाला, मी फोनवर साडेचारचा लावलाय, कोणी टेन्शन घेऊ नका. मी पण नाही लावला. बाबा आहेत, दादाचा अलार्म आहे, म्हणून निश्चिंत झोपले.

दादाला झोपायला बाबांच्याच खोलीत खाली गादी घातली होती. त्याला घड्याळाच्या टिकटिकीनं झोप येईना. त्यानं स्टूल घेतलं, घड्याळ उतरवलं, सेल काढला आणि घड्याळ परत जागच्या जागी लावून टाकलं. तेव्हा अकरा वीस झाले होते.

घड्याळ काढून बाहेर नेलं असतं तरी चाललं असतं, बाबांनी कोणालातरी हाक मारली असती. पण बंद घड्याळ परत भिंतीवर लावणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला रात्रभर खोटं सांगत राहणं, आणि हे मला आजही त्याला समजावता आलेलं नाही.

मध्यरात्रीनंतर पाऊस वाढला आणि लाईट गेली. दादाचा फोन चार्जिंगला होता, संध्याकाळभर मुलं त्यावर गेम खेळत होती त्यामुळे बॅटरी तळाला गेलेली, लाईट गेल्यावर थोड्या वेळात तो बंद पडला. बहुतेक स्मार्टफोन बंद पडले की अलार्म वाजत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. बाबा दोनदा जागे झाले. उशाखालची बॅटरी लावून दोन्ही वेळा दारावर उजेड टाकला आणि दोन्ही वेळा अकरा वीस. चष्म्याशिवाय सेकंद काटा त्यांना दिसत नसे, टिकटिक ऐकू येत नसे. त्यांना वाटलं आत्ताच तर डोळा लागला होता. भाद्रपदात ढग भरलेले असले की खिडकीतून पण काही कळत नाही, तीन असोत की पाच, काळोख तो काळोखच.

साडेपाचला भटजींनी दार वाजवलं तेव्हा घरातला एकही माणूस उठलेला नव्हता. मी केस न बांधता दार उघडायला धावले. भटजी चांगले माणूस, काही बोलले नाहीत, पुढची घरं करून येतो म्हणाले आणि अकराला आले. पूजा झाली, नैवेद्य झाला, नेवऱ्या पातोळ्या सगळं झालं, बाहेरच्या कोणाला सांगितलं तर म्हणेल त्यात काय एवढं. पण बाबांनी सोप्यावर उभं राहून भटजींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "म्हाका दिसलें रात आसा अजून." म्हणजे, मला वाटलं अजून रात्रच आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाळीची गाडी कधी न चुकवलेला, आणि हे म्हणताना त्यांची मान खाली होती, ती मी बघितली.

मी लगेच घड्याळाकडे गेले. आता एक गोष्ट सांगते जी माझ्या मते सगळ्यांना माहीत असायला हवी. सेल संपत आला की घड्याळ कुठेही थांबत नाही, सेकंद काटा बहुतेक आठ-नऊच्या आसपास अडकतो आणि तिथेच थरथरत राहतो, कारण नऊला काटा आडवा असतो आणि तिथून त्याला वर उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो. आमचं घड्याळ थांबलं होतं तेव्हा सेकंद काटा होता दोनावर. दोनावरून तर खाली उतरायचं असतं, तिथे अशक्त सेलसुद्धा अडत नाही. मागे बघितलं तर सेलची खाच रिकामी, आणि सेल खिडकीत, मुलांच्या रंगपेटीमागे.

मी तोच सेल घातला. काटा लगेच चालू. दादा म्हणाला, सेल संपला असेल गो. बाबा पण त्याच्याच बाजूनं, "सेल सोंपलो आसतलो." चवथीच्या दिवशी घरात वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण तो सेल मी बदलला नाही, मुद्दाम. त्याच सेलवर ते घड्याळ शिगम्यापर्यंत, म्हणजे आमच्या होळीपर्यंत, चाललं. दादा, तू हे वाचत असशील तर सप्टेंबर ते मार्च मोजून बघ.

त्यानंतर बाबा घड्याळ बघून सुद्धा परत विचारायला लागले, अकरा आहेत ना खरंच? स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला त्यांचा. 2021 मध्ये ते गेले तोपर्यंत चवथीला कोणाला उठवायला ते आले नाहीत.

दादाचा मुद्दा अजूनही एकच, फोनची वेळ अचूक असते, घड्याळ चुकतं. बरोबर आहे, फोन नेटवर्कवरून वेळ घेतो. पण सेलवरच्या घड्याळातला क्वार्ट्झचा खडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, आणि धड घड्याळ असेल तर महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतो. पंधरा सेकंदांनी भटजी चुकत नाहीत, गोळी चुकत नाही, बस पण चुकत नाही. फोनची वेळ अचूक असून बाबांना तिचा उपयोग काय होता? ती दादाच्या उशाशी होती आणि बंद होती. तुमच्या आईचंही तेच होणार. रात्री जाग आली की आधी चष्मा शोधा, मग फोन शोधा, बटण दाबा, तो उजेड सरळ डोळ्यांत, त्यानं शरीरातलं झोपेचं मेलाटोनिन दबतं, वर तीन व्हॉट्सअ‍ॅप दिसले की झोप गेलीच. भिंतीवर नुसतं डोळे उघडून दिसतं.

आता कुठलं घ्यायचं. साधं काट्याचं, पांढऱ्यावर काळे मोठे आकडे, नक्षी नको, रोमन आकडे तर अजिबात नकोत. दुकानात सेल घालून कानाशी धरा, सेकंद काटा टक टक करत उड्या मारत जात असेल तर आवाज करणार, न थांबता सरकत जात असेल तर जवळजवळ शांत. हे दादानं तेव्हा नुसतं बोलून दाखवलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी तसं आणून लावलं असतं, प्रश्नच मिटला असता. लाईटवर चालणारं डिजिटल घेऊ नका, आपल्याकडे पावसात दिवसाला चार वेळा लाईट जाते आणि प्रत्येक वेळी ते बारावर येऊन लुकलुकत बसतं, आतमध्ये सेलची सोय असलेलं असेल तर एकवेळ चालेल, आकडे लाल असले तर बरं, निळा पांढरा उजेड नको. रेडियमच्या पट्ट्या हव्यातच पण त्यावर फार भरवसा ठेवू नका. आता त्यात खरा रेडियम नसतो, 1920 च्या दशकात अमेरिकेत डायल रंगवणाऱ्या मुली ब्रश ओठांनी टोकदार करायच्या, त्यातल्या कित्येकजणी खऱ्या रेडियमनं आजारी पडून गेल्या, पुढे तो रंगच बंद झाला. हल्लीचा रंग दिव्याचा उजेड पिऊन घेतो आणि नंतर सोडतो, म्हणजे झोपताना झकास दिसतो आणि पहाटे चारला फिका, नेमकं जेव्हा लागतं तेव्हा. म्हणून झिरोचा बल्ब असू द्या. सेल साधा पेन्सिल सेल पुरे, महागाचा नको, घड्याळ फार खात नाही, पण वर्षाला बदलाच, चालू असला तरी बदला. आपल्या दमट हवेत जुना सेल आतल्या आत पाझरतो आणि पत्र्याच्या पट्टीवर पांढरी हिरवी पुटं चढतात. मी चवथीच्या आधी बदलते.

खिळ्याचं म्हणाल तर चिकटवायचे हुक घेऊ नका, पावसाळ्यात भिंतीला ओल आली की रात्री दोनला धाडकन खाली येतात. कपाटावर किंवा टेबलावर उभं राहणारं घ्या.

एक मात्र आहे, आईला निद्रानाश असेल, म्हणजे जागी राहून किती तास उरले ते मोजत बसणाऱ्यांतली ती असेल, तर घड्याळ समोर ठेवू नका, झोपेचे डॉक्टरही अशा लोकांना तोंड फिरवून ठेवायला सांगतात. आणि अलार्मला फोन वापरलात तर माझी काही हरकत नाही, मीही वापरते, फक्त वेळ बघायला दुसरं काहीतरी खोलीत असू द्या. दादासारखी टिकटिकीनं खरंच झोप न येणारी माणसंही असतात, ते मी मान्य करते. त्यांनी सांगावं, गुपचूप सेल काढू नये.

विकत आणायच्या आधी आई कुठल्या कुशीवर झोपते ते एकदा बघून घ्या. घड्याळ त्या बाजूला ठेवा.