सोफा वाचवायचाय? आधी खांब दे

अगं, मांजर सोफा ओरबाडते म्हणून तिच्यावर ओरडू नकोस, ती काही सूड उगवत नाहीये. नखांवरची जुनी टरफलं काढायला, पंजाचा वास लावून ठेवायला, झोपेतून उठून अंग ताणायला मांजर ओरबाडणारच. आमच्या बोक्याने सोफ्याचा डावा हात पार पिंजून काढला होता. त्याला ओरबाडायला विकतचा खांब आणला तर तो हातभर उंच आणि डुगडुगणारा. पठ्ठ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग तीन फुटी ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली, जड पाटावर ठोकला आणि त्या डाव्या हाताला अगदी खेटून उभा केला. गॅलरीत ठेवलास तर फुकट जाईल. सोफ्याला तोवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लाव. नखांची फक्त टोकं काप, आतला गुलाबी भाग सांभाळून.